वरच्या फळीवरचा चौथा

शनिवार होता, म्हणून पाणी आणायचं होतं. युद्ध असो नसो, शनिवारी सौना, म्हणजे वाफेची न्हाणी, तापतो आणि सौनाला पाणी लागतं. तावेत्ती रौहियाइनेन दोन बादल्या आणि एक कुऱ्हाड घेऊन स्यूवारी नदीच्या काठाकडे निघाला, तेव्हा दुपारचे तीन वाजले होते आणि सूर्य बदलीचा हुकूम आलेल्या कारकुनासारखा आवराआवर करत होता. चार वाजता तो जाणार आणि दुसऱ्या दिवशी दहाशिवाय तोंड दाखवणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

१९४३ सालचा जानेवारी. थंडी उणे चौतीस. नदी गोठून दगड झालेली. अलीकडचा काठ आपला, फिनिश फौजेचा, पलीकडचा रशियनांचा. सव्वा वर्ष दोन्ही फौजा एकमेकींकडे बघत बसल्या होत्या. काठाच्या उंचवट्याआड बर्फात एक भोक पाडलेलं होतं. तिथे वाकून तावेत्तीने रात्रभरात धरलेली बर्फाची साय कुऱ्हाडीने फोडली आणि बादल्या भरल्या. तेवढ्यात पलीकडचा ध्वनिवर्धक खाकरला. तिकडच्या बाई रोज या वेळी मोडक्यातोडक्या फिनिशमध्ये बोलत.

"फिनलंडच्या सैनिकांनो, इकडे या. इकडे गरम पाव आहे. गरम पाणी आहे."

"पाणी आमच्याकडेही तापतंय, बाई," तावेत्ती पुटपुटला आणि बादल्या उचलून परत फिरला.

परत फिरताना त्याने एकदा नदीकडे पाहिलं. पाहायचं नाही असं ठरवून तो दर वेळी पाहायचा. मधल्या बर्फावर, पलीकडच्या काठापासून साठ-सत्तर पावलांवर, एक काळा ठिपका होता. दुर्बिणीतून पाहिलं तर कळायचं की तो बूट आहे. बाकीचा यालमारी पांढऱ्या अंगरख्यात होता आणि वरून बर्फ पडलेलं, म्हणून दिसत नव्हता.

ही गोष्ट आधी सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

त्या चौकीत चौघे होते. तावेत्ती, हेरमन्नी, पेन्ना आणि यालमारी केत्तुनेन. काम म्हणाल तर बघत बसायचं, आणि संध्याकाळी सहा वाजता टेलिफोनचं हँडल फिरवून मुख्यालयाला दिवसाचा अहवाल द्यायचा. गोळीबार किती, हालचाल काय, मनोधैर्य कसं. तिकडे चाळीस किलोमीटर मागे कोणीतरी खऱ्या कॉफीचा घोट घेत तो लिहून घ्यायचा. इकडची कॉफी भाजलेल्या राय धान्याची आणि कसल्याशा मुळांची. आणि इथून काहीही सांगा, दुसऱ्या दिवशी रेडिओवर यायचं ते एकच : स्यूवारी आघाडीवर विशेष काही नाही.

मुख्यालयाला अधूनमधून कैद्याची भूक लागे. मग हुकूम यायचा : एक कैदी हवा, जिवंत, बोलता, चौकीतून एक स्वयंसेवक पाठवा. आता, शहाणा माणूस स्वयंसेवक होत नाही. चिठ्ठ्या टाकल्या तर हेरमन्नी लबाडी करायचा. पत्ते खेळले तर पेन्ना. शेवटी त्यांनी आपल्या लोकांना शोभेल असा तोडगा काढला. सौनात सगळ्यांनी वरच्या फळीवर बसायचं, तापल्या दगडांवर पाणी टाकत राहायचं, आणि जो पहिला खाली उतरेल तो नदीपार जाईल. जोडीदार कोण, हे त्यानेच ठरवायचं. घामाला लबाडी करता येत नाही. वाफेने कान सोलले तरी फिनिश माणूस दुसऱ्याच्या आधी उतरणार नाही, म्हणून निवाडा लांबायचा. पण एकदा झाला की त्यावर कोणी चकार शब्द काढायचा नाही.

यालमारी कधीच पहिला उतरला नव्हता. तो नदीतून ओंडके वाहून नेणाऱ्यांपैकी. वरच्या फळीवर बसून तो गाणी म्हणायचा. पण बारा डिसेंबरच्या शनिवारी तावेत्तीची शुद्ध हरपत आली होती, त्याने एक पाय खाली सोडलाही होता, तेवढ्यात यालमारीने धाडकन उडी मारली.

"आज दम नाही बुवा," तो दारात उभा राहून हसत म्हणाला. "वाटाण्याचं सूप पचलं नाही."

जोडीदार कोण म्हणून विचारलं तर म्हणाला, "एकटाच जातो. तुम्ही कॉफी ठेवा." कॉफी तीनदा उकळून आटली.

आपल्या फौजेत मेलेला माणूस मागे टाकत नाहीत. पेटीत घालून त्याच्या गावी पाठवतात, चर्चच्या आवारात पुरतात. तिघांनी तीनदा परवानगी मागितली. मुख्यालयातून कॅप्टन लिंडरोस यांनी टेलिफोनवर उत्तर दिलं, "प्रेत माहिती देत नाही. गस्त फक्त कैद्यासाठी." त्या दिवसाच्या अहवालात काय लिहिलं, ते वेगळं सांगायला नको. यालमारीच्या जागी दुसरा माणूसही आला नाही, कारण कागदावर चौकीत अजून चौघेच होते.

त्यानंतर पंधरा दिवसांनी, नाताळच्या शनिवारी, पहिल्यांदा ते घडलं.

सौना म्हणजे एक जमिनीत अर्धी गाडलेली लाकडी खोली. आत काळोख. खिडकी वहीच्या पानाएवढी, तिच्याबाहेर टांगलेला कंदील, आणि त्याचा उजेड वाफेतून येईपर्यंत शिळा झालेला. बर्चच्या डहाळ्यांचा वास, धुराचा वास, दगडांचा सुस्कारा. तिघे वरच्या फळीवर बसले होते आणि कोणी बोलत नव्हतं. त्या दिवशी हुकूम नव्हता, त्यामुळे नुसतं बसायचं होतं.

"टाक की अजून," आवाज आला.

तावेत्तीने लांब दांड्याचं ओगराळं बुडवून दगडांवर पाणी टाकलं. वाफ छताला लागून मानेवर उतरली.

"अजून टाक."

त्याने टाकलं. पाचव्या ओगराळ्याला तो वैतागला.

"हेरमन्नी, पुरे की आता. कातडी सोलून निघेल."

"मी कुठं मागितलं? मी ओला फडका तोंडात धरून बसलोय. पेन्ना मागतोय."

"मी?" पेन्ना अंधारातून म्हणाला. "मी मनातल्या मनात आईला हाका मारतोय."

दगड सुसकारत राहिले. आणि मग तिघांना एकदमच एक वास आला. ओल्या लोकरीचा. तिघेही नागडे होते, लोकरीचा एक धागा आत नव्हता.

"अजून... टाक रे..."

कोण पहिला उतरला यावर पुढे महिनाभर वाद झाला. दारात तिघे एकदमच अडकले होते, एवढं खरं.

कंदील घेऊन ते परत आत गेले. वरच्या फळीवर, कोपऱ्यापासून दुसऱ्या जागी, लाकूड पांढरं झालं होतं. उकळत्या खोलीत तिथे हिमाचा बोटभर थर धरला होता. बरोबर एका माणसाच्या बैठकीएवढा. पुढच्या कडेला दोन पंजे टेकल्याच्या खुणा.

हेरमन्नीने वाकून पाहिलं, वीत लावून मापही घेतलं.

"बूड यालमारीचंच," तो म्हणाला.

"कशावरून?"

"दोन हिवाळे त्याच्या मागून सरपटलोय मी. ओळखणार नाही?"

पेन्ना दारातूनच म्हणाला, "वर कळवायला हवं का रे?"

"कळव की. चौकीत एक माणूस जास्त. हुद्दा शिपाई, प्रकृती मयत. मग ते म्हणतील, त्याला रात्रीच्या पहाऱ्याला लावा."

कळवलं नाही. पुढच्या शनिवारपासून ती जागा सोडून बसू लागले, एवढंच. माणसाला कशाचीही सवय होते, आणि तोफा झेललेल्या माणसाला जरा लवकर होते. एवढं मात्र तावेत्तीच्या लक्षात आलं की, त्या जागेशेजारी बसलं तर अंगाच्या त्या बाजूला गार लागतं. तो तिथेच बसू लागला. हे त्याने कोणाला सांगितलं नाही. स्वतःलाही फारसं सांगितलं नाही.

तर आता तो शनिवार. तेवीस जानेवारी. तावेत्तीच्या खिशात रजेचा कागद होता, सोमवारपासून चौदा दिवस. फक्त वर सही व्हायची होती. अकरा महिन्यांत तो घरी गेला नव्हता. मुलगी चालायला लागली, हे त्याच्या बायकोने, सेल्माने, पत्रात लिहिलं होतं. कशी चालते, तेही लिहिलं होतं : कोंबडीच्या मागे, आणि पडली तर कोंबडीवर ओरडते. ते पत्र घडीवर फाटायला आलं होतं.

बादल्या घेऊन तो वर पोचला, तर चौकीपुढे घोड्याची घसरगाडी उभी. घोंगडीतून कॅप्टन लिंडरोस बाहेर पडत होते. गोरे, नीटनेटके, तिशीचे. टेलिफोनवर आवाज जाडा वाटायचा, प्रत्यक्षात मिशी नुकतीच ठेवलेली.

"कैदी हवाय," ते म्हणाले. "या वेळी मी स्वतः बघणार, स्वयंसेवक कसा निघत नाही ते. आजच. अंधार पडला की गस्त सुटेल. आणि मनोधैर्य काय म्हणतंय?"

"उत्तम, साहेब," हेरमन्नी म्हणाला. "इतकं की ठेवायला जागा नाही."

"आज शनिवार ना? मग आधी सौना. मीही येतो. आणि हे बघा, सौनात हुद्दा नसतो. आत मी फक्त आर्विद."

"बरं, आर्विद. पण इथला नियम माहीत आहे ना? जो पहिला..."

"सौनाचे नियम मला माझ्या आईने शिकवलेत," असं म्हणून कॅप्टन कपडे काढू लागले. पूर्ण ऐकून घेणं मुख्यालयात शिकवत नसावेत.

पाहुण्याला मानाची जागा दिली. भट्टीशेजारी. मग हेरमन्नी, मग पेन्ना. मग एक जागा मोकळी. आणि कोपऱ्यात तावेत्ती.

"मध्ये जागा का सोडलीय?" कॅप्टननी विचारलं.

"पाय पसरायला," पेन्ना म्हणाला.

दार लागलं. काळोख झाला. तावेत्तीने मनाशी हिशेब मांडला : यालमारी शेजारी आहे तोवर मी उतरत नाही. मी उतरलो नाही तर मी जात नाही. मी गेलो नाही तर सोमवारी गाडी, बुधवारी घर. हिशेबात चूक नव्हती. फक्त तो मांडताना डाव्या बाजूने गार वारा येत होता आणि तावेत्तीला तिकडे मान वळवता येत नव्हती.

सात ओगराळी झाली. हेरमन्नी फडका चघळू लागला. पेन्नाचा श्वास शिट्टीसारखा वाजू लागला. कॅप्टन मात्र ताठ. म्हणायला हवं, माणूस चिवट होता.

"अजून टाक," मोकळ्या जागेतून आवाज आला.

"शाब्बास!" कॅप्टन धापा टाकत म्हणाले. "कोण तो? याला म्हणतात करारी बाणा! नाव काय तुझं, गड्या?"

 दगडांवरून एक थेंब सरकला आणि चर्र झाला.

"...केत्तुनेन."

"केत्तुनेन! तुझ्यासारखी चार माणसं मला द्या, मी नदीपार भोजन करून दाखवतो! टाका, केत्तुनेनसाठी अजून टाका!"

हेरमन्नीच्या घशातून कसलासा आवाज निघाला. हसू होतं की दुसरं काही, अंधारात कळलं नाही. ज्याने सहा आठवड्यांमागे या माणसाचं प्रेत आणायला तीनदा नकार दिला, त्याला हे नाव आठवू नये? आठवलं नाही. खरंच आठवलं नाही. तावेत्तीने ओगराळं भरलं आणि टाकलं. रागाने टाकलं. आणखी एक टाकलं.

मग त्याच्या कानाशी, अगदी जवळ, ओल्या लोकरीच्या वासातून कोणीतरी हळू बोललं. फक्त त्याच्याशी.

"तावेत्ती... पाठ शेकतच नाही रे. किती टाकलं तरी... खालून बर्फ लागतोय."

तावेत्तीने डोळे मिटले. एवढे आठवडे तो ज्या गारव्याला टेकून बसला होता, तो गारवा कुठून येत होता, हे त्याला आज कळलं असं नाही. आज ते टाळता आलं नाही, इतकंच. त्याने एक पाय खाली सोडला...

आणि भट्टीकडून धाडकन आवाज झाला. कॅप्टन लिंडरोस फळीवरून निसटून जमिनीवर आले होते आणि गुडघ्यांवर रांगत दाराकडे चालले होते.

बाहेरच्या खोलीत सगळे वाफाळत उभे राहिले. कॅप्टनचा रंग उकडलेल्या खेकड्याचा झाला होता.

"साहेब," हेरमन्नी अंग पुसत म्हणाला, "अभिनंदन. तुम्ही स्वयंसेवक."

"म्हणजे?"

त्याने नियम सांगितला. सावकाश, कोर्टातल्यासारखा.

"मूर्खपणा! मी हुकूम देणारा आहे."

"ते बाहेर. आत तुम्ही आर्विद होतात. आर्विद पहिला उतरला."

कॅप्टननी तिघांच्या तोंडाकडे पाहिलं. कोणी हसत नव्हतं. फिनिश माणूस करातून पळवाट काढेल, चर्चमधून काढेल. सौनातल्या हरण्यातून काढणार नाही. तसं केलं तर आयुष्यभर ते कानात वाजत राहतं. कॅप्टननी सदरा डोक्यातून घातला आणि सदऱ्याच्या आतूनच म्हणाले, "ठीक आहे. जाईन." मग मान वर करून, "पण जोडीदार मी निवडायचा ना? मला तो केत्तुनेन हवा. कुठंय तो? आतच बसलाय अजून?"

खोलीत कंदिलाची वात फडफडली.

"तो पुढे गेलाय, साहेब," तावेत्ती म्हणाला.

"कुठे?"

"नदीवर."

"हुकमाआधीच? बघा! याला म्हणतात सैनिक! मला वाट कोण दाखवेल?"

पेन्ना बुटाची नाडी बांधायला वाकला, ती आधीच बांधलेली होती. हेरमन्नीने तावेत्तीकडे पाहिलं आणि मान हलवली, नको म्हणून. सोमवार दोन दिवसांवर होता.

"मी दाखवतो," तावेत्ती म्हणाला.

दोघे पांढरे अंगरखे चढवून, लाकडी हलकी घसरगाडी दोरीने ओढत बर्फावर उतरले. संध्याकाळचे साडेपाच. आकाशात चांदण्या खिळे ठोकल्यासारख्या. आवाज फक्त दोरीचा आणि कॅप्टनच्या दातांचा.

"रशियन चौकी डावीकडे आहे ना?" ते कुजबुजले. "नकाशात डावीकडे आहे."

"नकाशात असेल, साहेब," तावेत्ती म्हणाला आणि उजवीकडे वळला.

हा हुकूमभंग होता. कैद्याच्या गस्तीची वाट मुद्दाम चुकवणं म्हणजे रजा तर गेलीच, वर कोर्टही. हे त्याला पावलापावलाला माहीत होतं. तरी तो सरपटत राहिला, कारण वाट शोधावी लागत नव्हती. पुढून ओल्या लोकरीचा वास येत होता. उणे चौतीसमध्ये, जिथे नाकाला स्वतःचा वास येत नाही, तिथे.

वाटेत तीन ढेकळं लागली. बर्फाखालची. कॅप्टनचा हात एकाला लागला आणि त्यांनी तो चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"हे...?"

"त्यांचे. आठवडाभरापूर्वी आले होते. कैदी न्यायला." तावेत्ती थांबला. "त्यांच्याकडेही कोणी कॅप्टन असेल."

मग बूट आला. तावेत्तीने हातांनी बर्फ बाजूला केलं. यालमारी पाठीवर पडला होता, तोंड उघडं, भुवयांवर पांढरी झालर.

"हा कोण?" कॅप्टननी विचारलं.

"केत्तुनेन, साहेब."

कॅप्टननी दोरी खाली ठेवली.

"पण तो तर आत्ता... मी स्वतः त्याच्याशी..."

"बारा डिसेंबरपासून इथेच आहे. तुमच्या अहवालातलं 'विशेष काही नाही' आहे ना, साहेब? ते हे."

पलीकडच्या काठावरून प्रकाशाचा गोळा उडाला. नदी दिवसासारखी पांढरी झाली. दोघे यालमारीच्या दोन बाजूंना आडवे झाले, तिघे एका गादीवर झोपल्यासारखे. कॅप्टनचं तोंड मेलेल्या माणसाच्या तोंडापासून वीतभर अंतरावर होतं आणि त्यांना डोळे मिटायचं सुचलं नाही. काठावर कोणीतरी खोकलं. कोणीतरी दोन शब्द बोललं. मशीनगनचा घोडा चढवल्याचा खट् आवाज आला... आणि नंतर काहीच नाही. गोळा विझला. तिकडच्या लोकांनी काय पाहिलं, का सोडलं, ते तेच जाणोत.

यालमारी बर्फाला चिकटला होता. सुरीने कडा मोकळ्या कराव्या लागल्या. घसरगाडीवर त्याला ठेवल्यावर कॅप्टन लिंडरोसनी दोरी स्वतःच्या खांद्यावर घेतली. अर्ध्या वाटेत एकदा ते थांबले, आपला मफलर काढला आणि यालमारीच्या पाठीखाली सारला.  तावेत्तीच्या कानाशी सौनात जे बोललं गेलं, ते त्यांनीही ऐकलं होतं की काय, हे त्याला कधीच कळलं नाही.

त्या दिवशीचा अहवाल कॅप्टननी स्वतः चौकीतून दिला. टेलिफोनात ओरडून दिला. "शिपाई यालमारी केत्तुनेन आघाडीवरून परत आला! हो, लिहा! नाही, कैदी नाही! केत्तुनेन लिहा! क-ए-त..." दुसऱ्या दिवशी दुपारी तिघांनी आणि कॅप्टननी मिळून रेडिओ ऐकला. स्यूवारी आघाडीवर विशेष काही नाही. कॅप्टन उठले, त्यांनी रेडिओचा कान पिरगळला तो तुटून हातात आला. मग त्यांनी तावेत्तीचा कागद मागून त्यावर सही केली. सही इतकी दाबून केली की कागदाला भोक पडलं.

यालमारी पेटीतून गावी गेला. तावेत्ती आगगाडीने घरी गेला. मुलगी त्याला पाहून कोंबडीमागे लपली. तिसऱ्या दिवशी त्याच्या मांडीवर बसली. चौदाव्या दिवशी तो निघाला तेव्हा ती त्याच्यावर ओरडली, आणि हे कौतुकाचं आहे हे सेल्माने समजावून सांगितलं.

तो चौकीत परत आला तो तेरा फेब्रुवारी, शनिवार. सौना तापला होता. वरची फळी कोरडी खणखणीत, सगळीकडे सारखी गरम. तिघे ऐसपैस बसले. हेरमन्नीने यालमारीचं एक ओंडक्यांवरचं गाणं म्हटलं, अगदी वाईट सुरात, आणि कोणी अजून पाणी मागितलं नाही. तावेत्तीला फार दिवसांनी मोकळा श्वास आला.

मग त्याच्या पावलांना गार लागलं.

खालच्या फळीवर, अंधारात, कोणीतरी बोलत होतं. आवाज दबका, अदबशीर, परक्या घरी दारातून विचारल्यासारखा. शब्द कळत नव्हते. पेन्ना सरहद्दीवरच्या गावचा, त्याची आजी रशियन बोलायची. तो ऐकत राहिला आणि त्याच्या चेहऱ्यावरचा लालपणा हळूहळू उतरला.

"काय म्हणतोय?" हेरमन्नीने विचारलं.

पेन्ना उत्तर देणार एवढ्यात चौकीतला टेलिफोन वाजू लागला. वाजतच राहिला. तावेत्ती अंगाला घोंगडी गुंडाळून धावला. कॅप्टन लिंडरोस होते. आवाज खाली आणलेला, कोणीतरी ऐकेल अशा भीतीने.

"रौहियाइनेन, वरून परत कैद्याचं विचारताहेत. सकाळी जनरलसाहेबांनी स्वतः विचारलं. काही आहे का?"

तावेत्तीने दाराकडे पाहिलं. पेन्ना तिथे उभा होता, बोटांनी तीन दाखवत होता आणि आत ऐकलेलं कुजबुजत सांगत होता.

"तीन आलेत, साहेब," तावेत्ती म्हणाला. "पण पाठवता येतील असं वाटत नाही."

कॅप्टननी तिकडे दार लावून घेतल्याचं ऐकू आलं.

"बोलले काही?"

"बोलले. पेन्ना म्हणतो, विचारताहेत... या फळीवर किती माणसं मावतात. नदीवर अजून पुष्कळ आहेत म्हणे. आपलेही, त्यांचेही."

कॅप्टन हसतील, चिडतील, निदान फोन आपटतील, असं तावेत्तीला वाटलं. त्यातलं काही झालं नाही. तारेतून नुसती खरखर येत राहिली. आणि मग चाळीस किलोमीटरवरून कॅप्टन अगदी हळू म्हणाले :

"इथल्या सौनाबाहेर बर्फात पावलं उठलीत, तावेत्ती. अनवाणी. मी तीसपर्यंत मोजली... सगळी आत गेलेली. परत आलेलं एकही नाही." ते थांबले. "आणि जनरलसाहेब दुपारपासून आतच आहेत."